दगडफूल उलटं करून पाहताना

(फुलंब्री येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. म्हणून विषयही जीवशास्त्रातलाच घेतला आहे, आणि तो तुमच्या प्रत्येकाच्या घरात डब्यात भरून ठेवलेला आहे. काळ्या मसाल्यात धने, जिरे, खोबरं, लवंग, मसालावेलची यांच्या जोडीला जे करडं, कुरकुरीत, चुरगाळलेल्या कागदासारखं दगडफूल पडतं, त्याच्याविषयी मी बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर पार्मोट्रेमा या प्रजातीविषयी. दगडफूल म्हणून जे विकलं जातं त्यातला मोठा वाटा या प्रजातीतल्या जातींचा असतो.

शब्दांचा एवढा खुलासा आधी करतो. जीवशास्त्रात जवळच्या अनेक जाती मिळून एक प्रजाती होते आणि अनेक प्रजाती मिळून एक कुल. आंबा ही जाती, मँजिफेरा ही तिची प्रजाती. तसं आपलं दगडफूल म्हणजे पार्मोट्रेमा पर्लाटम ही एक जाती, पार्मोट्रेमा ही प्रजाती आणि पार्मेलिएसी हे कुल. जगात पार्मोट्रेमाच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यांतल्या पन्नासावर जाती भारतात नोंदल्या गेल्या आहेत. वरून पाहिलं तर त्यातल्या बहुतेक सगळ्या सारख्याच करड्या दिसतात. त्यांना एकमेकांपासून आणि शेजारच्या प्रजातींपासून वेगळं ओळखायला शास्त्राला दोनशे वर्षं लागली. या दोनशे वर्षांत ज्यानं ज्यानं काही भर घातली, त्यानं दगडफूल उलटं करून, खरवडून किंवा चिरून पाहिलं होतं. आज मला एवढंच दाखवायचं आहे की वर्गीकरण हे पाठांतराचं शास्त्र नाही. बघण्याच्या जागा बदलत गेल्या तसं ते घडत गेलं.

दगडफूल ही वनस्पती नाही. ते शैवाक आहे. इंग्रजी शाळेतली मुलं लायकेन म्हणतात. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. बुरशीला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही, शैवलाला येतं. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते, उन्हाचा मारा अडवते. शैवल त्या घरात राहून उन्हावर साखर तयार करतं आणि तिचा बराच भाग बुरशीला जातो. हे १८६७ साली सिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं पहिल्यांदा ठामपणे मांडलं. त्यानं बुरशीला धनी आणि शैवलाला कैदेतला गुलाम म्हटलं होतं. त्या काळच्या नामांकित शैवाकतज्ज्ञांनी त्याच्यावर झोड उठवली. ज्या जीवांना आयुष्यभर स्वतंत्र वनस्पती मानून नावं दिली ते दोन जीवांचे जोड आहेत, हे त्यांना पटेना. शेवटी श्वेंडेनरच बरोबर ठरला. नामकरणाच्या आजच्या नियमानुसार शैवाकाला दिलेलं नाव त्यातल्या बुरशीचं धरलं जातं. म्हणजे पार्मोट्रेमा हे खरं तर एका बुरशीचं नाव आहे. तिच्या पोटात राहणाऱ्या हिरव्या शैवलाची प्रजाती वेगळी, ट्रेबूक्सिया.

शैवाकांची ठेवण ढोबळमानानं तीन प्रकारची असते. काही दगडाला किंवा सालीला पुटासारखी चिकटून बसतात, ती खरवडल्याशिवाय निघत नाहीत. काही पानांसारखी पसरतात, त्यांना वरची आणि खालची अशा दोन बाजू असतात. यांना पर्णिल शैवाक म्हणतात. काही झुडपासारखी किंवा दाढीसारखी लोंबतात. आपल्याकडून छत्रपती संभाजीनगरला जाताना चौक्याच्या घाटात काळ्या दगडावर पांढरट, राखाडी, कुठे नारिंगी डाग दिसतात. पुष्कळांना तो चुना किंवा रंग वाटतो. ते पहिल्या प्रकारचं, पुटासारखं शैवाक असतं. आपला बेसाल्ट उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. तिथं दगडात शिरून बसणाऱ्यांचाच निभाव लागतो.

पानासारखी शैवाकंही आपल्या मुलखात नाहीत असं नाही. कोरड्या मैदानी भागात जुन्या आंब्याच्या खोडावर राखाडी चकत्या दिसतात, सालीला इतक्या घट्ट बसलेल्या की नखानं कड उचलता येत नाही. त्या बहुतेक वेळा पिक्सिन किंवा डिरिनारिया या प्रजातींच्या असतात. पार्मोट्रेमाला मात्र ओलावा लागतो. महाबळेश्वरचं पठार, सह्याद्रीचा माथा, कर्नाटक-तमिळनाडूतला घाट, हिमालयाच्या मधल्या उंचीवरची जंगलं, अशा धुक्याच्या जागी ते झाडाच्या सालीवर आणि सावलीतल्या खडकावर वाढतं. शैवाकाला मुळं नसतात. पाऊस, धुकं, दव यांतून जे मिळेल ते सगळ्या अंगानं शोषून घ्यायचं, आणि पाणी संपलं की कडकडीत वाळून थांबायचं. वाळलेलं शैवाक मेलेलं नसतं. पाण्याचा हबका बसला की काही मिनिटांत त्याचा श्वास आणि अन्न बनवणं पुन्हा सुरू होतं. जिवंत पार्मोट्रेमा ओलं झालं की करड्याचं हिरवं दिसू लागतं, कारण वरचा पापुद्रा ओला झाला की पारदर्शक होतो आणि खालचं शैवल दिसायला लागतं.

आता प्रत्यक्ष अंगाकडे येऊ, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पार्मोट्रेमाचं अंग पातळ असतं, जाडी साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास. पण एवढ्यातही चार थर असतात. पात्यानं आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ते स्पष्ट दिसतात. सगळ्यात वर बुरशीच्या धाग्यांचा घट्ट विणलेला पापुद्रा. त्याखाली हिरव्या पेशींचा पातळ थर, तेच शैवल. त्याखाली सैल, कापसासारखा पांढरा गाभा, सगळ्यात जाड. आणि तळाशी पुन्हा एक घट्ट पापुद्रा, तो काळा. वरच्या पापुद्र्याला अतिशय बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत-बाहेर जाते. पण ती पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

साध्या डोळ्यांना काय दिसतं? रुंद, गोलसर, लाटदार पाळ्या. त्यांची रुंदी साधारण एक ते तीन सेंटिमीटर असते आणि कडा सालीपासून सुटून वर उचललेल्या असतात. पिक्सिनची कड नखानं सुटत नाही, पार्मोट्रेमाची कड वाऱ्यानं हलते. बहुतेक जातींत या कडेला काळे केस असतात, एखाद-दोन मिलिमीटरपासून पाचेक मिलिमीटर लांब. दहापट दाखवणारं हातभिंग असेल तर बाजारातल्या दगडफुलाच्या तुकड्यावरही ते दिसतात.

आता तुकडा उलटा करा. पार्मोट्रेमाची ओळख खरी इथं पटते. खालची बाजू मध्यभागी काळी असते, आणि त्या काळ्या भागात दोऱ्यासारखे, न फुटलेले धागे असतात. या मुळकल्पांनी शैवाक सालीला धरून राहतं. पण कडेजवळ येता येता हे धागे थांबतात आणि तिथून कडेपर्यंत तपकिरी, गुळगुळीत, उघडा पट्टा राहतो. हा उघडा पट्टा म्हणजे या प्रजातीची मोठी खूण. मसाल्यासाठी दगडफूल निवडायला बसणाऱ्या बायकांना हे आधीपासून ठाऊक आहे, फक्त कुणी त्यांना विचारलेलं नाही. सालीचा चिकटलेला कपटा तुकड्याच्या मध्यावर असतो, कडेला कधीच नसतो. पकडच मध्याला असते, म्हणून साल तिथंच उपसून येते.

पुनरुत्पादनाच्या खुणा वरच्या बाजूला असतात आणि जाती ओळखायला त्या सगळ्यात उपयोगी पडतात. काही जातींच्या कडांवर पांढरट भुकटी साचलेली असते. त्या भुकटीच्या प्रत्येक कणात शैवलाच्या थोड्या पेशी आणि त्यांना गुंडाळलेले बुरशीचे धागे असतात. वाऱ्यानं, पावसाच्या थेंबानं, पाखराच्या पायानं कण दुसरीकडे गेला की दोन्ही जीव एकत्रच नव्या जागी पोचतात. पार्मोट्रेमा पर्लाटममध्ये अशी भुकटी पाळ्यांच्या कडांवर असते. काही जातींत भुकटीऐवजी वरच्या पापुद्र्याला बारीक बोटांसारखे कोंब फुटलेले असतात. ते मोडून पडतात आणि नवं शैवाक सुरू होतं. पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीचा मधला भाग अशा कोंबांनी खरखरीत झालेला असतो, आणि तिच्या कडांवर केस नसतात. तिसरा मार्ग बुरशीचा स्वतःचा आहे. काही जातींवर तपकिरी वाट्या येतात, कधी रुपयाच्या नाण्याएवढ्या, काही जातींत मधोमध भोक पडलेल्या. या वाट्यांत बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीत साधारण आठ रंगहीन बीजाणू. पण बीजाणू एकटा पडतो. त्याला नव्या जागी योग्य शैवल भेटलं तरच शैवाक होतं.

आता या सगळ्या खुणा लक्षात कशा आल्या, ते सांगतो.

१७५३ मध्ये लिनियसनं वनस्पतींची मोठी मांडणी केली, तेव्हा त्यानं ऐंशीच्या आसपास शैवाकं घेतली आणि सगळी ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत कोंबली. त्याला ती तुच्छ वाटत. आपलं पर्लाटमही आधी याच प्रजातीत आलं. विल्यम हडसन या लंडनच्या औषधी व्यावसायिकानं १७६२ मध्ये इंग्लंडच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात त्याला नाव दिलं. म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातल्या पदार्थाचं शास्त्रीय नाव मूळ इंग्लंडातल्या नमुन्यावरून आलं आहे. ती जातीच तशी जगभर पसरलेली आहे.

लिनियसचा शेवटचा शिष्य एरिक आकारियस हा स्वीडनमधला डॉक्टर होता. त्यानं आयुष्य शैवाकांना दिलं आणि १८०३ मध्ये एकाच ढिगाच्या अनेक प्रजाती केल्या. पानासारख्या, वाट्या धरणाऱ्या शैवाकांना त्यानं पार्मेलिया नाव दिलं. पुढची दीडशे वर्षं पार्मेलिया हीच अशा शैवाकांची मोठी वखार राहिली.

मध्येच एका माणसानं वेगळा विचार मांडला होता. इटलीतल्या व्हेरोनाचा आब्रामो मासालोंगो. तो जीवाश्मांचाही अभ्यासक होता. १८६० मध्ये त्यानं पार्मेलियातून पार्मोट्रेमा ही प्रजाती वेगळी काढली. तिचा नमुना म्हणून धरलेली जाती अमेरिकेतली, वाटीला मधोमध भोक असणारी. त्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्याची प्रजाती शंभर वर्षं जवळजवळ कुणी वापरली नाही. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. त्यानं एक वाटी भिंगाखाली नीट पाहिली आणि तिच्यातलं भोक महत्त्वाचं मानलं. ते भोक सगळ्या जातींत असतंच असं नाही, म्हणून त्याचं कारण अपुरं होतं. पण त्यानं बोट ठेवलं ती जागा बरोबर होती.

पुढे एडवर्ड वाइनियो या फिनलंडच्या अभ्यासकानं १८९० मध्ये ब्राझीलच्या शैवाकांवर काम करताना पार्मेलियातच एक गट बांधला. त्यात खालून कडेला उघडा पट्टा असणाऱ्या जाती होत्या. म्हणजे वाटी सोडून नजर आता पोटाकडे गेली. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या मेसन हेल यांनी या गटावर मोठा प्रबंध लिहिला आणि १९७४ मध्ये मासालोंगोचं जुनं नाव परत आणून या सगळ्या जाती पार्मोट्रेमात घातल्या. त्याआधी १९५२ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस शॉइझी यांनी हडसनची जाती या नावाखाली आणली होतीच.

भारतात याच सुमाराला लखनौ विद्यापीठात प्राध्यापक धरणीधर अवस्थी काम करत होते. आपल्या देशातल्या शैवाकशास्त्राचा पाया त्यांनी घातला. १९७६ मध्ये त्यांनी भारतातल्या पार्मेलियांवर मोठा लेख प्रसिद्ध केला, त्यात पार्मोट्रेमाचा हा सगळा गट येतो. १९८८ मध्ये त्यांनी भारत आणि नेपाळमधल्या मोठ्या शैवाकांची ओळख-कुंजी तयार केली, ती अजून विद्यार्थ्यांच्या हातात असते. महाराष्ट्रात हे काम पुण्यात उभं राहिलं. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्र. गो. पटवर्धन आणि उर्मिला माखिजा यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांवर कित्येक वर्षं काम केलं. १९९२ पासून या संस्थेला आघारकर संशोधन संस्था म्हणतात. तिथल्या संग्रहालयात सह्याद्रीतली शैवाकं कागदाच्या पाकिटांत जपून ठेवलेली आहेत. मोठमोठ्या इमारती उभ्या केल्या की संस्थेचं नाव होतं. पण माझ्या मते संस्थेची खरी श्रीमंती त्या पाकिटांत असते. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी आंबोलीच्या किंवा कोयनेच्या झाडावरून काढलेला नमुना आज पुन्हा उघडून तपासता येतो, कारण त्यावर तारीख आणि जागा लिहिलेली असते.

हेल यांचं काम झाल्यावर प्रश्न मिटला असं वाटलं होतं. पण काही जाती मध्येच अडकत होत्या. पार्मोट्रेमा रेटिक्युलाटम ही आपल्याकडची नेहमीची जाती घ्या. तिच्या वरच्या पापुद्र्यावर बारीक जाळीदार भेगा असतात, आणि खाली मुळकल्प कडेच्या बरेच जवळ जातात. उघड्या पट्ट्याची खूण तिथं ढिली पडते. म्हणून १९९० मध्ये हेल आणि फ्लेचर यांनी अशा जातींसाठी रिमेलिया नावाची वेगळी प्रजाती केली. आणखी दोनेक लहान प्रजातीही अशाच काढल्या गेल्या. मग २००५ मध्ये ओस्कार ब्लांको, आना क्रेस्पो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून निष्कर्ष छापला की रिमेलिया आणि त्या लहान प्रजाती मुळातून पार्मोट्रेमाच्याच आहेत. त्या परत आत आल्या. त्या गटात आपले प्रदीप दिवाकर होते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतले दलीपकुमार उप्रेती आणि दिवाकर यांनी त्याच वर्षी भारतातल्या पार्मेलियासारख्या शैवाकांचा फेरआढावाही प्रसिद्ध केला.

या गोष्टीतून कुणी असं समजेल की शास्त्रज्ञ नुसती नावं बदलत बसतात. तसं नाही. भोक, पट्टा, भेगा या खुणा खोट्या नव्हत्या. त्यातली कुठली वंशाची आणि कुठली त्या त्या जातीपुरती, हे डीएनए आल्यावर कळलं. आजही रानात उभं राहून तुम्हाला जे करायचं ते भिंगानंच करावं लागतं. डीएनए खिशात घालून कुणी घाट चढत नाही.

भिंगाच्या जोडीला आणखी एक साधन आहे आणि ते मला फार आवडतं. शैवाकातली बुरशी कितीतरी वेगळी आम्लं तयार करते, त्यांतली पुष्कळ दुसऱ्या कुठल्याही जीवात सापडत नाहीत. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर यांनी शैवाकावर पोटॅश आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचे थेंब टाकून रंग कसे बदलतात ते दाखवलं. हे नायलँडर श्वेंडेनरच्या विरोधकांतले सगळ्यात कडवे. पण ही चाचणी त्यांनी दिली, आणि त्याच वर्षी पॅरिसमधल्या बागेत शैवाकं शहराच्या धुरानं नाहीशी होतात हेही त्यांनीच नोंदवलं. पार्मोट्रेमा टिंक्टोरमचा पांढरा गाभा ब्लेडच्या टोकानं जरा खरवडा, त्यावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा एक बारीक थेंब टाका. क्षणात लालभडक रंग येतो आणि तसाच काही क्षणांत उडून जातो. आतलं लेकॅनोरिक आम्ल ते करतं. पर्लाटमच्या गाभ्यात ते आम्ल नाही, तिथं स्टिक्टिक आम्ल आहे; ब्लीचिंगनं काही होत नाही, पण पोटॅशच्या थेंबानं पिवळा रंग येतो. रेटिक्युलाटमच्या गाभ्यात सॅलॅझिनिक आम्ल असतं, तिथं पोटॅशनं आधी पिवळा आणि मग लाल. वरून सारखेच दिसणारे तीन करडे तुकडे, आणि आतून तिघांचं उत्तर वेगळं. टिंक्टोरमसारख्या लेकॅनोरिक आम्लाच्या शैवाकांपासून पूर्वी जांभळा रंगही काढत असत.

मसाल्यातला वासही याच रसायनांतून येतो. दगडफूल कच्चं हुंगलं तर ओल्या मातीसारखा, लाकडासारखा मंद वास असतो. गरम तेलात टाकलं की ते आक्रसतं आणि वास खुलतो. वरच्या पापुद्र्यातलं अ‍ॅट्रानोरिन आणि गाभ्यातली आम्लं उष्णतेनं फुटतात आणि त्यांतून सुगंधी तुकडे मोकळे होतात. युरोपात अत्तरांना जो जंगली वास देतात तो याच कुलातल्या एव्हर्निया प्रुनास्ट्री या शैवाकातून काढतात. कनौजच्या हिना अत्तरातही शैवाक पडतं. आयुर्वेदाच्या निघंटूंत शैलेय म्हणून जे येतं तेही याच जातकुळीचं. मसाला कुटताना दगडफूल भाजायला सांगणाऱ्या आजीला आम्लांची नावं माहीत नव्हती, पण उष्णता दिल्याशिवाय ते वास सोडत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

आता बाजाराकडे वळतो, कारण वर्गीकरणाचा प्रश्न तिथं पैशाचा आणि जंगलाचा होतो.

दुकानात दगडफूल मागितलं की एकच वस्तू मिळते असं आपण धरतो. पुडी कागदावर उपडी करा आणि तुकडे उलटे करत जा. रुंद पाळी, खालून काळं, कडेला तपकिरी उघडा पट्टा: हे पार्मोट्रेमा. अरुंद, पट्ट्यासारखे, दोन-दोन फांद्यांत विभागत गेलेले लांबट तुकडे, वरून करडे, खालून काळे, कडांनी पन्हाळीसारखे आत वळलेले: ते हायपोट्रॅकिना सिर्‍हाटा, पूर्वी त्याला एव्हर्निआस्ट्रम म्हणत. हे हिमालयातून भरपूर येतं. खालीवर एकसारखं, पिवळसर हिरवट, दोऱ्यासारखं काही सापडलं तर ते उस्निया. पट्टीसारखं, दोन्ही बाजूंनी करडंच, तर रॅमालिना. वर ठिपके पडून पांढरा गाभा डोकावत असेल, तर पंक्टेलिया. सगळं एकाच पोत्यात, एकाच भावानं. लखनौच्या अभ्यासकांनी बाजारातले नमुने तपासून ही सरमिसळ नोंदवलेली आहे.

ही सगळी शैवाकं रानातून काढलेली असतात. दगडफुलाची शेती नाही. उत्तराखंडात वनपंचायतींच्या जंगलांतून, बांजसारख्या झाडांच्या फांद्यांवरून ती खरवडून गोळा केली जातात. दक्षिणेतल्या घाटांतूनही माल येतो. गोळा करणारी माणसं गरीब असतात आणि त्यांच्या हातात फार थोडे पैसे पडतात, हेही विसरता येत नाही. पण शैवाक वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढतं. तळहाताएवढं पार्मोट्रेमा तयार व्हायला पुष्कळ वर्षं लागतात, आणि खरवडायला काही सेकंद. कुठली जाती किती निघाली याचा हिशोब ठेवायचा तर आधी तिचं नाव कळलं पाहिजे. पोत्यावर नुसतं ‘दगडफूल’ लिहिलेलं असेल तर दुर्मीळ जात आणि भरपूर वाढणारी जात एकाच वजनात मोजली जाते. म्हणून मी म्हणतो की वर्गीकरण हे प्रयोगशाळेतल्या कपाटापुरतं काम नाही. वनखात्याच्या परवान्यावर, व्यापाऱ्याच्या पावतीवर जातीचं नाव आलं पाहिजे.

दुसरं एक कारण तुमच्या ताटाशी आहे. शैवाक सगळ्या अंगानं हवेतून घेतं, त्यामुळे हवेतली धूळ आणि धातूही त्याच्या अंगात साठत जातात. शिसं, जस्त, तांबं. म्हणूनच हवा तपासायला शैवाकं वापरतात. वर्दळीच्या रस्त्याकडेच्या झाडावरून काढलेलं दगडफूल आणि आत जंगलातल्या झाडावरचं दगडफूल दिसायला सारखंच असेल, पण ते सारखं नाही. माल कुठल्या जागेवरून आला, हे विचारण्याचा गिऱ्हाईक म्हणून आपल्याला हक्क आहे.

समोर शाळा-महाविद्यालयांतली मुलं बसली आहेत, म्हणून कामाचं एक सांगतो. महाराष्ट्रातल्या शैवाकांवरचं बहुतेक काम सह्याद्रीच्या पट्ट्यात झालेलं आहे. मराठवाड्याच्या डोंगरांत, गिरिजेच्या खोऱ्यात, म्हैसमाळच्या माथ्यावर, अजिंठ्याच्या रांगेत तुम्ही करू शकाल असं पुष्कळ आहे. त्याला खर्च नाही. दहापटीचं हातभिंग, जुनी वर्तमानपत्रं आणि एक वही. जुन्या आंब्यापाशी, वडापाशी थांबा. खोडाची कोणती बाजू, जमिनीपासून किती उंच, तारीख, गाव, झाड, हे आधी लिहा. नमुना हवा असेल तर नखाएवढा घ्या, सगळी चकती उचकटू नका. सालीला घट्ट असेल तर सालीच्या पातळ कपट्यासकट. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरा येतो. कागदाच्या पाकिटात ठेवा आणि सावलीत वाळवा. मग घरी येऊन चार प्रश्न विचारा. कड सुटते का? कडेला केस आहेत का? खालून कडेला उघडा पट्टा आहे का? भुकटी आहे की कोंब? एवढ्यावर तुम्ही प्रजातीपर्यंत पुष्कळदा पोचाल. खालच्या गावांत पहिल्यांदा पिक्सिन आणि डिरिनारियाच मिळतील, त्यानं नाराज होऊ नका. माथ्यावर, ओढ्याच्या सावलीत, जिथं पावसाळ्यात धुकं रेंगाळतं तिथलं पाकीट वेगळं ठेवा आणि त्याची कड दोनदा तपासा.

मागच्या टेबलावर फुलंब्रीच्याच बाजारातून आणलेल्या दगडफुलाच्या काही पुड्या, भिंगं आणि पाण्याच्या बशा मांडल्या आहेत. मुलांना आधी पुढे येऊ द्या. एकेक तुकडा पाण्यात मऊ करून उलटा ठेवा आणि पट्टा शोधा. ब्लीचिंगचा थेंब मात्र मी टाकीन, तो डोळ्यांत किंवा हातावर उडायला नको.